कोरियन गाजर कोरियात का मिळत नाही?

ताश्कंद किंवा अल्माटीच्या भाजीबाजारात गेलात, तर एखाद्या गाळ्यावर किसलेल्या गाजराचा ढीग हमखास दिसतो. शेवयांसारखे लांब, बारीक काप. त्यात लसूण, धणे, लाल तिखट, व्हिनेगर आणि वरून कडकडीत तापवलेलं तेल. फोडणीची कोशिंबीरच म्हणा ना. नाव मात्र ‘कोरियन गाजर’. रशियन बोलणाऱ्या घरांत हा पदार्थ इतका मुरलाय की त्याशिवाय सणाचं ताट पुरं होत नाही. सोलमध्ये जन्म काढलेल्या आजीबाईंना विचारलंत, तर त्या म्हणतील, आमच्यात असलं काही करत नाहीत.

दोन्हीकडचे लोक खरंच बोलतायत. 1937 साली सोव्हिएत सरकारने रशियाच्या अतिपूर्वेतून मध्य आशियात आणून सोडलेल्या कोरियन कुटुंबांना किमचीची लांबट कोबी मिळेना. गाजर मिळत होतं. मग किमचीचा हात गाजरावर चालवला गेला. पदार्थाचं मूळ नाव ‘मोर्कोव-चा’. यातलं ‘मोर्कोव’ हे रशियन गाजर आणि ‘चा’ हा कोशिंबिरीसाठीच्या कोरियन शब्दाचा झिजलेला तुकडा. एका शब्दात दोन भाषा, आणि मधे सहा हजार किलोमीटरांचा रेल्वेप्रवास.

हा विषय आपल्याकडे आला तो मालिकांच्या वाटेने. कोरियन मालिका बघणाऱ्या आमच्या भाचीने एकदा विचारलं, “यातला हा गुंड इतका वेगळा का बोलतो आणि सगळे त्याला हसतात का?” तो गुंड चीनमधून आलेला कोरियन होता. त्याआधी फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात एक तरुणी हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून उभी राहिली आणि दक्षिण कोरियात गदारोळ झाला. चीन आमची संस्कृती चोरतोय, असं तिथल्या पुढाऱ्यांनी म्हटलं. चीनचं उत्तर सरळ होतं: कोरियन ही आमच्या देशातलीही एक जमात आहे. ती मुलगी आपल्या आजीचाच पोशाख घालून उभी होती, हे या भांडणात कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

‘कोरियन म्हणजे कोण’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका साधा नाही, म्हणून हा लेख.

आधी आकडे

दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. त्या देशाच्या 2023 च्या सरकारी मोजणीनुसार कोरियाबाहेर राहणारे कोरियन वंशाचे लोक 70 लाखांहून अधिक. सगळ्यात जास्त अमेरिकेत, सुमारे 26 लाख. चीनमध्ये 21 लाखांच्या आसपास, जपानमध्ये 8 लाख, आणि उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया मिळून आणखी काही लाख. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत तीन-चार वर्षांसाठी आलेली कोरियन साहेबमंडळीही या मोजणीत धरली जातात. पण एकूण आकड्यातले बहुसंख्य लोक आज दक्षिण कोरियाचे नागरिक नाहीत. या सगळ्यांसाठी जून 2023 मध्ये सरकारने इंचॉनला एक वेगळी संस्था उघडली. कामाची आहे, पण हे सगळे लोक एका छत्रीखाली मावतात का, ही शंका राहतेच.

तुम्ही स्वतःला काय म्हणता?

गुंता इथूनच सुरू होतो, कारण परदेशातल्या कोरियन लोकांचं स्वतःसाठी एक नावच नाही.

जगाला माहीत असलेला ‘कोरिया’ हा शब्द ‘कोर्यो’ या जुन्या राज्यावरून आला. 1392 मध्ये ते राज्य गेलं आणि ‘जोसन’ घराणं आलं, ते पाचशे वर्षं टिकलं. 1910 मध्ये जपानने देश गिळला. 1945 मध्ये जपान हरला आणि देशाचे दोन तुकडे पडले. 1948 मध्ये दोन सरकारं झाली. दक्षिणेने स्वतःसाठी ‘हानगुक’ हे नाव घेतलं, उत्तरेने ‘जोसन’ ठेवलं.

आता विचार करा. 1870 मध्ये जो शेतकरी दुष्काळातून जीव वाचवत तुमेन नदी ओलांडून चीनमध्ये गेला, त्याच्या तोंडी देशाचं नाव ‘जोसन’. त्याचे पणतू आज ‘जोसनजोक’, म्हणजे जोसन जमातीचे लोक. सोव्हिएत मुलखात गेलेल्यांचे वंशज स्वतःला ‘कोर्यो-सारम’ म्हणतात, ‘सारम’ म्हणजे माणूस. हे नाव उत्तरेचंही नाही आणि दक्षिणेचंही नाही, आणि ते सोयीचं आहे. जपानमधल्यांना ‘झैनिची’ म्हणतात. त्याचा अर्थ नुसता ‘जपानात राहणारा’. या शब्दात कोरिया कुठेच नाही. आणि 1970 नंतर विमानाने लॉस एंजेलिसला गेलेला माणूस ‘हानगुक’मधून गेलेला, म्हणून तो ‘हानगुक सारम’.

म्हणजे नाव ऐकलं की त्या घराने उंबरा कधी ओलांडला, ते साधारण कळतं.

आणि गाव कुठलं?

आपण ‘कोरियन भाषा’ म्हणतो तेव्हा सोलची भाषा डोळ्यांसमोर असते. पण बाहेर पडलेल्यांपैकी फार थोडे सोलचे होते.

चीनच्या यानब्यान भागात आणि रशियाच्या अतिपूर्वेकडे गेले ते मुख्यतः हामग्योंगचे, म्हणजे कोरियाच्या ईशान्य टोकाचे लोक. नदी ओलांडली की पलीकडे मोकळी जमीन होती. म्हणून यानब्यानची बोली आणि मध्य आशियातली ‘कोर्यो-मार’ या दोन्ही बोली हामग्योंगच्या मातीतल्या. चीनमध्येच ल्याओनिंग प्रांतात गेलात तर तिथे कोरियाच्या वायव्येकडच्या प्योंगआनची बोली, आणि हैलोंगजियांगमध्ये अशी गावं जिथे दक्षिणेकडच्या ग्योंगसांगचा हेल. एकाच देशात, एकाच सरकारी शिक्क्याखाली तीन तऱ्हेच्या बोली.

जपानची तऱ्हा वेगळी. तिथे गेले ते दक्षिण किनाऱ्यावरचे आणि जेजू बेटावरचे. 1920 च्या दशकात जेजू ते ओसाका थेट बोट सुरू झाली आणि बेटावरची गावंच्या गावं ओसाकाच्या कारखान्यांत कामाला लागली. पुढे 1948 पासून जेजूवर सरकारने बंड मोडताना हजारो माणसं मारली, तेव्हा जीव वाचवून पळालेलेही त्याच वाटेने गेले. आजही ओसाकाच्या इकुनो भागात आजोळ जेजूचं असलेली घरं भरपूर आहेत.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. यानब्यानचा माणूस सोलमध्ये तोंड उघडतो तेव्हा तिथल्यांना त्याच्यात उत्तर कोरियाचा हेल ऐकू येतो. तो हेल शत्रूचा, गरिबाचा, मजुराचा. पडद्यावर त्याचा गुंड होतो आणि विनोदी कार्यक्रमांत फोनवरून पैसे लुबाडणारा भामटा. त्या माणसाच्या लेखी मात्र तो नुसता आजोबांसारखा बोलतोय. तंजावरच्या मराठी माणसाची मराठी ऐकून पुण्यात जे चेहरे होतात, त्यात राजकारणाची आणखी चार चमचे मिरची घाला.

वाटणीच्या आधी घर सोडलेला मुलगा

झैनिची लोकांची अडचण समजायला आपल्याकडची भाऊबंदकी कामाला येते. समजा, एक मुलगा कामासाठी मुंबईला गेला. मागे घराची वाटणी झाली, मधे भिंत पडली, दोन भावांनी दोन चुली मांडल्या आणि बोलणंही टाकलं. आता या मुंबईकराला दोघेही विचारतात, तू कुणाचा? तो म्हणतो, मी घर सोडलं तेव्हा भिंतच नव्हती.

1945 मध्ये जपानात सुमारे 20 लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सहा लाखांच्या आसपास राहिले. तोवर ते कागदोपत्री जपानचे प्रजाजन होते. 1947 मध्ये त्यांना परके म्हणून नोंदवायला सुरुवात झाली आणि देशाच्या रकान्यात ‘चोसेन’, म्हणजे जोसन, असं लिहिलं गेलं. त्या वेळी त्या नावाचं राज्य अस्तित्वात नव्हतं. 28 एप्रिल 1952 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. कुणालाही निवड करायला सांगितलं नव्हतं. पुढे ज्यांनी दक्षिण कोरियाचं नागरिकत्व घेतलं त्यांची नोंद बदलली. ज्यांनी घेतलं नाही, त्यांची ‘चोसेन’ तशीच राहिली, आजही काही हजारांची आहे. वाटणी होऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी यांचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर. अशा माणसाकडे साधा पासपोर्ट नसतो. जपान सोडून परत यायचं तर जपानचंच परवानापत्र घेऊन फिरावं लागतं.

दोन भावांनी दोन संघटना उभारल्या. दक्षिणेकडे झुकणारी ‘मिन्दान’ 1946 ची, उत्तरेकडची ‘चोंग्रयोन’ 1955 ची. चोंग्रयोनने शाळा काढल्या. तिथे मुलं कोरियन शिकली, आणि भिंतीवर उत्तरेच्या नेत्यांच्या तसबिरी लागल्या. 1959 ते 1984 या काळात जपानातून 93 हजारांवर लोक उत्तर कोरियात ‘परत’ गेले. परत हा शब्द अवतरणात, कारण त्यांतल्या बहुतेकांची मूळ गावं दक्षिणेत होती. मायदेशी म्हणून ते जिथे गेले, त्या भागात त्यांच्या सात पिढ्यांत कुणी राहिलेलं नव्हतं.

रोजच्या जगण्यात हा गुंता नावात दिसतो. अनेक झैनिची घरांत माणसाला दोन नावं असतात, एक कोरियन आणि एक जपानी ‘त्सूमेइ’, म्हणजे व्यवहाराचं नाव. घरात किम, शाळेच्या हजेरीत कानेदा. कोणत्या दिवशी, कुणासमोर खरं नाव सांगायचं, हा त्यांच्या तरुणपणातला मोठा निर्णय असतो.

दोन्ही भाऊ नकोत म्हणणारेही निघाले, आणि त्यात एक मराठी माणूस येतो. 1953 मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली होती. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी कुठे जायचं ते ठरवायचं होतं. 88 जणांनी उत्तरही नको, दक्षिणही नको म्हटलं. त्यांत 76 कोरियन होते, बाकीचे चिनी. 1954 मध्ये ते भारतीय सैन्यासोबत इकडे आले. पुढे बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, मोजके इथेच राहिले.

मालगाडीतून गेलेले

कोर्यो-सारम लोकांबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलंय, म्हणून थोडं सविस्तर.

1860 च्या दशकापासून हे लोक रशियाच्या अतिपूर्वेत स्थिरावले होते. त्यांच्या शाळा होत्या, वर्तमानपत्र होतं, 1932 मध्ये व्लादिवोस्तोकला नाट्यगृह उभं राहिलं होतं. 21 ऑगस्ट 1937 ला मॉस्कोहून हुकूम सुटला. कारण दाखवलं ते जपानी हेरगिरी रोखण्याचं. ज्यांचा देश जपानने घेतला, त्यांच्यावरच जपानचे हेर असल्याचा संशय. काही आठवड्यांत सुमारे 1 लाख 72 हजार माणसं गाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेण्यात आली. कझाकस्तानातलं उश्तोबे हे पहिल्या मुक्कामांपैकी एक. तिथे पहिला हिवाळा लोकांनी जमिनीत खड्डे खणून काढला. म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्यात गेली. कझाक शेजाऱ्यांनी दिलेल्या भाकरीची आठवण त्या घरांत अजून सांगतात.

मग त्यांनी त्या कोरड्या भागात भात पिकवला. सामूहिक शेतीत नाव काढलं. पण 1938 पासून शाळांची भाषा रशियन झाली. दोन पिढ्यांत कोर्यो-मार आजीच्या खोलीपुरती उरली. आडनावं राहिली, तीही रशियन तोंडाने बदललेली. ‘छ्वे’चं ‘त्सोई’ झालं. सोव्हिएत तरुणाईने डोक्यावर घेतलेला रॉक गायक विक्टर त्सोई याचे वडील याच समाजातले. मधलं नाव वडिलांवरून लावायची रशियन पद्धतही आली.

भाषा गेली, पण काही गोष्टी कोरियापेक्षाही घट्ट धरून ठेवल्या. माणसाने आयुष्यात तीन ‘ताटं’ पाहावीत असं ते म्हणतात: पहिल्या वाढदिवसाचं, लग्नाचं आणि साठीचं. आपल्या षष्ट्यब्दीसारखाच तो साठीचा सोहळा. सोलमध्ये लोक आता ऐंशी-नव्वदीपर्यंत जगतात, साठीचं कौतुक राहिलेलं नाही. ताश्कंदमध्ये अजून हॉल घेऊन होतं. 5 एप्रिलच्या सुमाराच्या ‘हानसिक’ला सगळं कुटुंब कबरींवर जातं. दक्षिण कोरियात हा दिवस मागे पडला, पूर्वजांचं बरंचसं शरदातल्या सणावर गेलं.

जी भाषा बोलतात ती रशियन, आणि विधी मात्र शंभर वर्षांपूर्वीचे हामग्योंगचे. यांना ‘कमी कोरियन’ म्हणायचं की ‘जास्त’? प्रश्नच चुकीचा आहे, असं मला वाटतं. झाडाची फांदी वेगळ्या मातीत रुजली की तिची चव बदलते. मूळ झाडही तोवर तेच राहत नाही, हे आपण विसरतो.

अमेरिकेचे वेगळे

13 जानेवारी 1903 ला ‘गेलिक’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यातून शंभरएक कोरियन उसाच्या मळ्यांत कामाला उतरले. दोन वर्षांत असे सुमारे सात हजार हवाईला गेले. 1905 मध्ये हजारभर लोक मेक्सिकोला, घायपाताच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांतले काही 1921 मध्ये क्यूबाला पोचले. तिथल्या वंशजांची मातृभाषा आता स्पॅनिश.

पण आजचा कोरियन-अमेरिकन समाज मुख्यतः 1965 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतरचा. हे शहरी, शिकलेले, चर्चला जाणारे. इंग्रजीअभावी पदव्या बाजूला ठेवून त्यांनी किराणा आणि लॉन्ड्रीची दुकानं टाकली. एप्रिल 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या दंगलीत कोरियन मालकांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांचं नुकसान झालं. समाजात ती दंगल ‘सा-इ-गू’ या नावाने ओळखली जाते, चार-दोन-नऊ, म्हणजे 29 एप्रिल. सोलमधल्या माणसाला या आकड्यांनी काही वाटत नाही. लॉस एंजेलिसच्या कोरियन माणसाला वाटतं. ‘आपण कोण’ याचं उत्तर मायदेशाच्या इतिहासातून सुटून नव्या देशाच्या इतिहासात गेलं, ते इथे दिसतं.

लहानपणी गेलेल्या मुलांना ते ‘दीड पिढी’ म्हणतात. घरात दुभाषे तेच.

मग परत आल्यावर तरी एक होतात का?

नाही. कायद्यानेच होऊ दिलं नाही.

1999 मध्ये दक्षिण कोरियाने परदेशातल्या कोरियनांसाठी सवलतींचा कायदा केला. पण व्याख्या अशी केली की 1948 मध्ये सरकार स्थापन होण्याआधी बाहेर पडलेले बहुतेक त्यातून गळाले. म्हणजे चीनचे आणि सोव्हिएत मुलखाचे. अमेरिकेचे आत, यानब्यानचे बाहेर. 2001 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे समतेच्या तत्त्वात बसत नसल्याचं म्हटलं आणि 2004 मध्ये कायदा सुधारला. व्हिसाचे वर्ग मात्र वेगळेच राहिले. अमेरिकेहून येणारा सहसा दीर्घ वास्तव्याचा व्हिसा घेऊन यायचा. चीनहून येणाऱ्यासाठी 2007 पासून वेगळा व्हिसा होता, त्यावर बांधकाम, हॉटेलं, रुग्णांची शुश्रूषा अशी कामं. चौथ्या पिढीला तर 2019 पर्यंत ‘कोरियन वंशाचे’ धरतच नव्हते. आईवडील सोलजवळच्या कारखान्यात आणि मुलगा सज्ञान झाला की त्याला देश सोडावा लागे, अशी कोर्यो-सारम कुटुंबं होती.

यावर सोलमधला माणूस म्हणेल, आम्ही काही रक्ताची वर्गवारी केली नाही, चीनहून लाखो मजूर एकदम आले असते. भीती खरी असेल. पण श्रीमंत देशातून आलेला भाऊ पाहुणा आणि गरीब देशातून आलेला भाऊ गडी, हा अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरात येतो, त्यासाठी कायद्याचा अभ्यास लागत नाही. अमेरिकेहून आलेल्यांनाही टोमणे आहेतच. ‘काळ्या केसांचा परदेशी’ हा त्यातलाच एक.

भाषाच येत नसेल तर कोरियन कसले?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. यानब्यानकडे बघा. 1952 पासून तो स्वायत्त विभाग आहे, पाट्यांवर कोरियन लिपी, शाळा, वर्तमानपत्रं, विद्यापीठ. भाषा टिकवण्यात हे लोक सगळ्यांच्या पुढे. तरी सोलमध्ये ‘चिनी’ म्हणून त्यांनाच सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. उलट लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्या पिढीला कोरियन येत नाही, पण तिच्या कोरियनपणावर सोलमध्ये सहसा कुणी चीनइतका संशय घेत नाही. म्हणजे कसोटी भाषेची नाहीच. पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर बरंच काही ठरतं. आणि यानब्यानमध्येही 2022 पासून पाट्यांवर चिनी अक्षरं आधी, कोरियन नंतर. तरुण मंडळी तर केव्हाच सोल आणि शांघायला निघून गेली.

एका कबरीवर तीन हक्क

हाँग बोम-दो. जन्म प्योंगयांगचा. 1920 मध्ये त्याने मांचुरियात जपानी फौजेला हरवलं, मग तो सोव्हिएत हद्दीत गेला, कम्युनिस्ट पक्षात सामील झाला. 1937 मध्ये इतरांसारखाच गाडीत बसवून कझाकस्तानात आणला गेला. तिथल्या क्झिलओर्दा शहरात 1943 मध्ये वारला.

2021 मध्ये दक्षिण कोरियाने त्याच्या अस्थी विमानाने आणल्या आणि देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत ठेवल्या. उत्तरेचं म्हणणं होतं की माणूस प्योंगयांगचा, तर तो तिकडे यायला हवा. आणि क्झिलओर्दातले कोर्यो-सारम, ज्यांनी इतकी वर्षं ती कबर झाडून-पुसून ठेवली, त्यांतल्या अनेकांना ती जाऊ नये असं वाटत होतं. दोनच वर्षांत, 2023 मध्ये, सोलच्या सैनिकी अकादमीतून त्याचा पुतळा हलवण्यावरून वाद पेटला, कारण तो कम्युनिस्ट होता.

शेवटच्या काळात तो क्झिलओर्दाच्या कोरियन नाट्यगृहात पहारेकरी होता. व्लादिवोस्तोकहून आलेलं तेच ते नाट्यगृह. 1942 मध्ये त्याच्याच आयुष्यावरचं नाटक तिथे लागलं. खेळाच्या दिवशी तो प्रेक्षकांत बसला.